भीतीचा रस

आमचे सर कुणाला नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की सरळ त्याचं मनगट धरत, डोळे मिटत आणि नाडी मोजत. मग तो दूधवाला असो, सिटी बसचा कंडक्टर असो की खुद्द कॉलेजचे डीन. डीनसाहेबांना हा प्रकार मुळीच आवडत नसे. ते हात मागे ओढत आणि सर शांतपणे म्हणत, "पाहा, आता आणखी वाढली." नाडी मोजून झाली की डोळे उघडून निकाल सांगत. "ठीक आहे," किंवा "आज काहीतरी आहे तुमच्या मनात." बहुतेकदा ते खरं निघे. कुणाच्या मनात काही नसतं, म्हणा.

नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्राच्या विभागात मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझंही मनगट पकडलं.

"बापरे! वाघ पाहिला का रस्त्यात?"

"नाही सर," मी म्हटलं, "तुम्हालाच पाहिलं."

ते खो खो हसले. त्यानंतर त्यांनी मला कधी परकं मानलं नाही.

उंच, जरा वाकलेला देह, पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात कायम फुटाणे. त्याच खिशातून ते स्वतः खात आणि त्याच खिशातून प्रयोगाच्या उंदरांना देत. मुलं त्यांना पाठीमागे 'उंदीरमामा' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी शेपटीवाला माणूस काढून ठेवला होता. सरांनी तो पुसला नाही. नीट न्याहाळला, शेपटी जरा लांब केली आणि शिकवायला लागले.

वर्गात त्यांचं इंग्रजी शुद्ध आणि कोरडं असे. पण उंदरांच्या खोलीत पाऊल टाकलं की त्यांची मायबोली बाहेर पडे. "ये गा, ये. भिऊ नको. मी काही करून नाही राहिलो तुले." त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही आणि घरून भांडून आलेल्या माणसानं तर दारातही उभं राहायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. मला ते दारातच अडवून विचारत, "आईशी वाजलं तं नाही ना वं आज?" वाजलं असेल तर मी बाहेर बसून टेस्ट ट्यूब धूत असे. विभागाला एकच कूलर मंजूर झाला, तेव्हा सरांनी तो उंदरांच्या खोलीत लावला आणि मे महिनाभर स्वतः ओला पंचा डोक्यावर घेऊन ऑफिसात बसले. भेटायला आलेल्या लोकांना वाटे, घरात काही वाईट घडलं आहे.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर एका प्रश्नासाठी. भीतीवरच्या, काळजीवरच्या नव्या गोळ्या तेव्हा नुकत्याच बाजारात रुळल्या होत्या. डॉक्टर त्या सढळ हातानं लिहून देत. सर त्यांची परीक्षा उंदरांवर घेत. एक मोठी पांढरी पेटी होती, वरून दिवा. उंदीर आत सोडला की तो घाबरून भिंतीला चिकटून फिरतो. गोळीचं औषध दिलेला उंदीर थोड्या वेळानं भिंत सोडतो आणि मधे येऊन मिशा हलवत हवा हुंगतो. तो मधे आला की सरांचा चेहरा असा उजळे, की जणू घरचंच पोर चालायला शिकलं.

मी लागले त्या वर्षी पावसाळ्यात ते उंदीर मधे येईनासे झाले. औषध तेच, बाटली तीच, मात्रा तीच. डोस वाढवला तर उंदीर पेंगुळले, पण पेंगुळलेलेही भिंतीलाच चिकटून राहिले. विभागात सगळे म्हणाले, औषध खराब आलं असणार. प्रयोग संपल्यावर सरांनी त्या उंदरांचं विच्छेदन केलं आणि मला बोलावलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली एक इवलीशी ग्रंथी असते. सर तिला 'टोपी'च म्हणत. जीव घाबरला की ही टोपी रक्तात एक रस सोडते. त्याला सरांचं नाव होतं, भीतीचा रस.

"पाहा," ते म्हणाले. "टोप्या फुगल्या आहेत. हे उंदीर बरेच दिवस कशाला तरी भिताहेत. औषध नाही बिघडलं. त्यांचं जगणं बिघडलं आहे."

मग ते जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत जाऊन कोपऱ्यात बसायला लागले. दोन-चार दिवसांतच उलगडा झाला. आम्ही सगळे डबे खायला गेलो की मागच्या झाडावरून एक मांजर येई आणि खिडकीच्या जाळीबाहेर ऐसपैस बसून आत पाहत राही. बाकी काही करत नसे. नुसतं पाहणं. सरांनी त्याला हाकललं नाही. पिशवीत घालून नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरी नेलं आणि पाळलं. तिकडे तेव्हा मोकळी मैदानं होती, घरं तुरळक होती. खोलीतले बाकीचे उंदीर हळूहळू सावरले, आणि त्याच बाटलीतलं तेच औषध पुन्हा लागू पडायला लागलं.

त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. गोळी रिकाम्या शरीरात जात नाही. ती पोचायच्या आधी तिथे भीतीचा रस पोचलेला असतो. तो किती आहे आणि किती दिवसांचा आहे, त्यावर गोळीचं चालणं अवलंबून असणार. नेमकं कसं, हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि 'माहीत नाही' हे शब्द ते फार मोकळेपणानं वापरत. पण या विचाराचा परिणाम त्यांच्या वागण्यावर मात्र झाला. मुलांची तोंडी परीक्षा ते खोलीत घेईनात. "खुर्चीत बसवून विचारलं की पोरगा उत्तर देत नाही, त्याची टोपी उत्तर देते," म्हणत ते मुलाला कडुनिंबाखाली फिरवत नेत, हातावर फुटाणे ठेवत आणि गप्पा मारता मारता प्रश्न विचारत. बाहेरून आलेले परीक्षक घाम पुसत मागे चालत.

त्यांनी या विषयावर एक निबंधही लिहून परदेशी पाठवला होता. तो परत आला. उंदीर फार थोडे आहेत आणि मांजर हे प्रमाणित साधन नाही, असा शेरा होता. सर दिवसभर हसत होते आणि संध्याकाळी जरा गप्प झाले.

आता माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. त्यांच्यामुळेच मला सर खरे कळले.

बाबा मूळचे नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातले. संत्र्याची बाग भावांनी पाहिली आणि हे रेल्वेत लागले. शहराबाहेरच्या एका लहान स्टेशनवर ते केबिनमन होते. रुळांकडेच्या उंच केबिनमध्ये उभं राहून मोठमोठे लिव्हर ओढायचे, रूळ जोडायचे, सिग्नल पाडायचे. घंटी वाजली की गाडी येणार. ते काम म्हणजे बाबांचं सर्वस्व होतं. लग्नकार्यात कुणी ओळख विचारली तर नाव नंतर सांगत, "मी केबिनमन हाव," हे आधी.

एका हिवाळ्यापासून बाबा बदलले. घास हातात धरून बसून राहायचे. दाराची कडी वाजली तरी दचकायचे. ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांना त्या नव्या गोळ्या दिल्या. सुट्टीच्या दिवशी अर्धी गोळी घेतली की बाबा पूर्वीसारखे होत. आईची थट्टा करत, दुपारी घोरत पडत. पण ड्युटीच्या दिवशी अख्खी गोळी घेऊनही हात थरथरायचे. मग एके दिवशी आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुह्या बापानं दोन गोळ्या खाल्ल्या अन् डुटीवर गेला," ती म्हणाली. "लोकायच्या गाड्या आहेत वं त्याच्या हातात. झोप लागली तं?"

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. सुट्टीच्या दिवशी लागू पडते, ड्युटीच्या दिवशी नाही, हे ऐकताच ते खुर्चीतून उठले. "वा!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "तीच गोळी, तोच माणूस! वा!" मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. ते खाली बसले. बराच वेळ त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी येतो संध्याकाळी," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या बाबांना चालेल का, विचार."

आमच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात बाबा खाटेवर बसले होते. सरांनी रिवाजाप्रमाणे त्यांचं मनगट धरलं.

"तुम्ही डॉक्टर का?" बाबांनी विचारलं.

"हो. पण उंदरायचा."

"मंग बरं झालं," बाबा म्हणाले. "माणसायच्या डॉक्टरनं तं काही फरक नाही पडला."

दोघेही हसले. सर खाटेवर शेजारी बसले, चपला काढल्या, पाय वर घेतले. संत्र्याच्या बहराच्या, गावाकडच्या गोष्टी निघाल्या. मी चहा घेऊन आले तेव्हा बाबा अंगणातल्या फरशीकडे बघत बोलत होते. जे आईला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, ते.

"पहाट होती. लायनीवर मालगाडी उभी होती. मीच घेतली होती तिले. मंग पॅसेंजरची घंटी वाजली, अन् मालगाडी माह्या डोक्यातून गेलीच. सारी लायन मोकळी वाटली मले. हात लिव्हरवर ठेवला, पॅसेंजरले त्याच लायनीवर घेणारच होतो. तेवढ्यात खिडकीतून मालगाडीच्या मागचा लाल दिवा दिसला."

"मंग?"

"मंग काही नाही. पॅसेंजर बाहेर उभी राह्यली जराशी. मालगाडी गेली, तिले आत घेतलं. कोनालेच माहीत नाही. काही झालंच नाही ना." बाबांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. "पन तवापासून घंटी वाजली का तो दिवा दिसते. अन् वाटते, आज नाही दिसला तं?"

मग सरांनी बाबांना सांगितलं, की मांजर खिडकीत बसलं होतं तेव्हा उंदरांचं औषध चालेना. "केबिनमध्ये चढता तवा भीतीचा रस अगोदरच अंगात भरून राहते, भाऊ. मंग गोळी येते. तिले जागाच नाही भेटत. तुम्ही दोन घ्या, चार घ्या. भीती तशीच राहीन, झोप मात्र येईन."

"हे नक्की?"

"नाही. उंदरात पाह्यलं मी. माणसात पाह्यलं नाही. खोटं काहून सांगू?"

मग सर सुचवायला जरा लाजले, पण सुचवलंच. भीतीच्या रसाचा अंश लघवीत उतरतो. ड्युटीच्या दिवसाची आणि सुट्टीच्या दिवसाची लघवी वेगवेगळी साठवून दिली, तर प्रयोगशाळेत तपासता येईल. बाबा आधी ओशाळले, मग त्यांना त्यात गंमत वाटायला लागली. तपकिरी काचेची मोठी बाटली झोळीत घालून ते केबिनवर नेऊ लागले. बरोबरच्या पॉइंट्समनला ती दिसली. त्याला वाटलं, मोहाची दारू आहे.

"भाऊ, एकटेच पिता का गा? आम्हाले बी चाखू द्या ना."

"चाखशील तं जलमभर मले शिव्या देशील," बाबा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी ते घरी येऊन काहीतरी हसण्यासारखं सांगत होते.

तपासणीत दिसलं ते सरांच्या अंदाजासारखंच होतं. ड्युटीच्या दिवसाचं प्रमाण सुट्टीच्या दिवसापेक्षा बरंच जास्त. रस जितका जास्त, तितका काचनळीतला रंग गडद येई. तुलनेसाठी सरांनी आणखी एक नमुना तपासला होता. त्याची काचनळी हातात धरून ते उजेडाकडे पाहत होते. तिचा रंग बाबांच्या ड्युटीच्या नळीइतकाच गडद होता.

"सर, ही कुणाची?"

"माझी. साध्या दिवसाची." त्यांनी ती जागेवर ठेवली. "मी पण खातो ती गोळी. बरीच वर्षं झाली. तुझ्या बाबांना सांगितलं आहे मी, म्हणून तुला सांगतो. मला चार माणसांसमोर उभं राहून बोलायची वेळ आली की शब्द येत नाहीत. वर्गात चालतं, तिथे सगळं पाठ आहे. दुसरीकडे नाही."

त्यांच्या वागण्याला आम्ही इतकी वर्षं हसत होतो. त्यामागे काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

एका माणसाच्या एका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही, हे ते पुनःपुन्हा बजावत राहिले. पण बाबांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, केबिन सोडा. बाबा भडकले.

"केबिन सोडलं तं मी कोन? अन् काहून सोडतो म्हनून इचारतीन, तं काय सांगू?"

"जे झालं ते सांगा."

"नोकरी जाईन माही!"

"मी संग येतो," सर म्हणाले. "रेल्वेच्या मोठ्या डॉक्टरले मी समजावून सांगतो."

ज्या माणसाला परक्यांसमोर बोलता येत नव्हतं, तो हे म्हणत होता. बाबांना ते ठाऊक होतं. ते सरांकडे टक लावून पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "चला."

रेल्वेच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. मी सरांना टाय घातलेला त्याआधी कधी पाहिला नव्हता. ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत ओठांतल्या ओठांत इंग्रजी वाक्यं म्हणत होते. आत बोलावलं तेव्हा मीही दाराशी उभी राहिले. डॉक्टर घाईत होते, पण माणूस वाईट वाटला नाही. त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि विचारलं, "बोला प्रोफेसर, काय केस आहे?"

सर उभेच राहिले. तोंड उघडलं. "सर, धिस मॅन..." एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांचे कान लाल झाले. डॉक्टर वाट पाहत राहिले, मग घड्याळाकडे पाहायला लागले. माझ्यानं बघवेना.

तेव्हा बाबा पुढे आले. त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांकडे वळले.

"साहेब, हे माह्यासाठी आले. बोलन्याची त्यायले लय भेव वाटते, तरी आले. मीच सांगतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मालगाडी, घंटी, लिव्हरवरचा हात, लाल दिवा, दोन गोळ्या. एकदाही अडखळले नाहीत. शेवटी म्हणाले, "माह्या हातून काही झालं नाही, साहेब. पन आता मी तिथं राह्यलो तं होईन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर सर बाकावर कोसळल्यासारखे बसले. "माझ्याच्यानं एक वाक्य नाही झालं, भाऊ. माफ करा."

"काहीच्या काही बोलू नका," बाबा म्हणाले. "तुमची हालत पाह्यली अन् माही भीतीच गेली. मले वाटलं, याले वाचवा लागते आता." आणि मग जरा थांबून, "सकाळी अर्धीच गोळी घेतली होती मी. आज लागू पडली पाहा."

सरांनी चटकन वर पाहिलं. ते आता काहीतरी शास्त्रीय बोलणार असं मला वाटलं. पण त्यांनी टाय सोडला, खिशात कोंबला आणि डोळे पुसले.

बाबांची नोकरी गेली नाही. पण केबिन गेलं. मोठ्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची बदली झाली. संत्र्याच्या पेट्या चढवून घ्यायच्या, उतरवून घ्यायच्या. सुरुवातीचे महिने वाईट गेले. बाबा घरी कुणाशी बोलत नसत. लग्नाची आमंत्रणं आली तर जात नसत, कारण तिथे कुणीतरी विचारलं असतं. "वझेवाला हमाल झालो मी," ते एकदा आईवर ओरडले. सर दर रविवारी यायचे, खाटेवर बसायचे, फुटाणे खायचे. कधी कधी दोघं तासभर काहीच बोलत नसत. बाबांची गोळी कमी होत होत सुटली, पण ती केव्हा सुटली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांची गोळी मात्र शेवटपर्यंत चालू राहिली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते गेले. त्यांचा प्रश्न तसाच अर्धा राहिला. पुढे कुठे कुणी तो सोडवला असेल, तर मला कल्पना नाही.

मला सर आठवतात ते मात्र बाबांच्या पार्सल ऑफिसच्या दारात. एके सकाळी मी त्यांच्यासोबत बाबांना काहीतरी द्यायला गेले होते. बाबा पेट्या मोजत होते. तेवढ्यात घंटी झाली आणि बाबा काम सोडून दाराशी येऊन उभे राहिले. बरोबरच्या माणसानं सांगितलं, ही एक पॅसेंजर आली की ते रोज असेच उभे राहतात. कोणती पॅसेंजर, ते मला विचारावं लागलं नाही. सरही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

गाडी फलाटाला लागली. भाजीच्या टोपल्या उतरल्या, कॉलेजची पोरं उतरली, एक बाई लेकराला काखेत घेऊन, दुसऱ्याला दंडाला धरून ओढत उतरली. एक म्हातारा दारातच अडकला, त्याला मागच्यांनी ढकललं, त्यानं शिव्या दिल्या. सगळे आमच्या अंगावरून, धक्के देत, फाटकाकडे निघून गेले. कुणी आमच्याकडे पाहिलं नाही.

फलाट रिकामा होईपर्यंत बाबा हलले नाहीत.

"उतरले सारे," ते म्हणाले.

"हो," सर म्हणाले. "सारे उतरले."